डाळिंबाला खत आणि पाणी: सोलापूरच्या मुरमाड, चुनखडीच्या जमिनीसाठी

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस आणि मोहोळ या तालुक्यांतील डाळिंबाच्या अडचणीतील बागा पाहिल्या, तर त्यांत उपाशी बागांपेक्षा अजीर्ण झालेल्या बागाच अधिक दिसतात. खत कमी पडले म्हणून बाग गेली असे क्वचितच घडते. खत आणि पाणी यांचा एकमेकांशी मेळ राहिला नाही म्हणून कळी गळणे, फळ तडकणे, पाने पिवळी पडणे किंवा झाड अचानक वाळणे हे मात्र नेहमी घडते. डाळिंबाच्या मुळांना अन्न पाण्यातूनच मिळते, त्यामुळे खताचे वेळापत्रक वेगळे आणि पाण्याचे वेगळे असे दोन कागद ठेवण्यापेक्षा दोन्हींचा विचार एकाच वेळी करणे अधिक फायद्याचे ठरते. येथे दिलेली मोजमापे भगवा वाणाच्या, ४.५ मीटर बाय ३ मीटर अंतरावर लावलेल्या, ठिबकवर असलेल्या आणि पाच वर्षे पूर्ण झालेल्या बागेसाठी आहेत. या अंतरावर एकरी साधारण ३०० झाडे बसतात. बाग लहान असेल किंवा अंतर वेगळे असेल, तर आकडे त्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

आधी माती आणि पाणी तपासावे

माती परीक्षण सगळेच सुचवतात, परंतु नमुना कोठून घ्यावा याकडे दुर्लक्ष होते. ठिबकच्या बागेत दोन ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातील माती प्रयोगशाळेत पाठवली, तर अहवाल मुळांच्या नव्हे, तर मोकळ्या रानाच्या जमिनीचा येतो. नमुना ड्रिपरपासून वीतभर अंतरावरून, झाडाच्या सावलीच्या कडेला, पहिल्या एक फुटाचा वेगळा आणि दुसऱ्या फुटाचा वेगळा असा घ्यावा. बहुतेक खाणारी मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. अहवालात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) यांच्याइतकेच सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा), विद्राव्य क्षार आणि मुक्त चुनखडीचे प्रमाण हे तीन आकडे महत्त्वाचे असतात. आपल्याकडील अनेक जमिनींचा सामू आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. अशा जमिनीत लोह, जस्त आणि स्फुरद असूनही झाडाला मिळत नाहीत, म्हणून त्यांची केवळ मात्रा वाढवून उपयोग होत नाही, तर देण्याची पद्धत बदलावी लागते.

पाण्याची तपासणी तर मातीइतकीही होत नाही. उजनीच्या कालव्याचे पाणी आणि मंगळवेढ्याच्या एखाद्या खोल बोअरचे पाणी यांत मोठा फरक असतो, आणि एकाच गावातील दोन बोअरांचे पाणीही सारखे नसते. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप, ०.७५ डेसिसीमेन प्रति मीटरपर्यंत असेल, तर पाणी निर्धास्त वापरावे, ती २.२५ पर्यंत असेल, तर निचरा चांगला ठेवून जपून वापरावे. त्यापुढे गेल्यास शेततळ्यातील किंवा कालव्यातील गोड्या पाण्यात मिसळूनच वापरावे. उर्वरित सोडियम कार्बोनेटचा आकडा लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर चिंता नाही, तो २.५ च्या वर गेला तर ते पाणी जमीन घट्ट करते आणि मग जिप्समशिवाय गत्यंतर राहत नाही. वाहकता जास्त असलेल्या पाण्यावरच्या बागेत म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे, कारण म्युरेटमधील क्लोराइडची त्या खारट पाण्यात आणखी भर पडते. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांचा सल्ला या कामी उपलब्ध आहे. दुकानातून मिळालेले छापील शेड्यूल आणि आपला अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर शेड्यूलमधील किती ओळी आपल्या रानासाठी निरर्थक आहेत ते लगेच कळते.

बहार पाण्यावरून ठरवावा

बहार धरणे म्हणजे झाडाला ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी बंद ठेवून, ठरावीक हंगामात फुलवणे. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैमध्ये आणि हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरला जातो. बाजारभाव पाहून बहार ठरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तथापि ज्या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, तेथे पहिला प्रश्न पाण्याचा असतो. आंबे बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात फुगतात, म्हणजे ज्या महिन्यांत विहीर तळ गाठते त्याच महिन्यांत झाडाची मागणी सर्वांत जास्त असते. मृग बहाराला पाणी आयते मिळते, परंतु पावसाळी दमट हवेत तेल्या रोगाचा जिवाणू झपाट्याने पसरतो, आणि त्याच काळात नत्र जास्त झाले तर कोवळी, रसाळ फूट त्याला आयतीच सापडते. हस्त बहारात पावसाने भरलेली विहीर, थंड आणि कोरडी हवा असा दुहेरी लाभ असतो. अडचण इतकीच की ताण देण्याची वेळ ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि परतीचा पाऊस तो ताण मोडतो. तेल्याचा त्रास असलेल्या बागेत, जमीन हलकी असेल तर, माझा कल हस्त बहाराकडेच राहील. भारी काळ्या जमिनीत मात्र त्या दिवसांत ताण बसणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे तेथे हा सल्ला लागू होत नाही.

आंबे बहाराचा विचार असेल, तर शेततळ्याचा हिशेब आधी करावा. ३० मीटर बाय ३० मीटर बाय ३ मीटर मापाच्या, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो, परंतु फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उघड्या पृष्ठभागावरून पाच-सहा लाख लिटर पाणी केवळ उन्हाने उडून जाऊ शकते. राहिलेले चौदा-पंधरा लाख लिटर पुढे दिलेल्या हिशेबाने जेमतेम दीड एकर बागेला पुरतात. दुसरा स्रोत नसताना त्यावर तीन एकर आंबे बहार धरणे म्हणजे एप्रिलमध्ये टँकरच्या दाराशी उभे राहणे होय.

ताण, पानगळ आणि छाटणी

आधीच्या बहाराची फळे उतरल्यावर झाडाला तीन ते चार महिने विश्रांती मिळालेली असेल, तरच ताण द्यावा. ताण म्हणजे पाणी एका दिवसात तोडणे नव्हे. दोन-तीन आठवडे पाळ्या कमी करत जावे आणि मग बंद करावे. हलक्या मुरमाड जमिनीत ३० ते ४५ दिवसांत आणि भारी जमिनीत ४० ते ६० दिवसांत पाने पिवळी पडून गळू लागतात. दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे पाहणे महत्त्वाचे आहे. जवळजवळ निम्मी पाने पिवळी होऊन गळाली, परंतु काड्या हिरव्या व जिवंत आहेत, ही स्थिती योग्य समजावी. काडीची साल सुरकुतू लागली असेल, तर ताण हाताबाहेर गेला आहे आणि ती बाग फुटायला वेळ घेईल.

उरलेली पाने काढण्यासाठी इथ्रेल लिटरला १ ते २ मिली या प्रमाणात, सोबत लिटरला ५ ग्रॅम डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) घालून फवारले जाते. पानगळ आधीच बरीच झाली असेल तर कमी प्रमाण पुरते. ऊन तीव्र असताना किंवा झाड अशक्त असताना जास्त प्रमाण वापरल्यास काड्याही मरतात. त्यानंतर शेंड्याकडची १०-१५ सेंटीमीटर हलकी छाटणी करावी, रोगट व वाळलेल्या काड्या काढून बागेबाहेर नेऊन जाळाव्यात. छाटणीनंतर लगेच खताचे काम सुरू होते.

बहार धरतानाचे खत

पाच वर्षांच्या व त्यापुढील झाडाला वर्षाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश, सोबत ४० ते ५० किलो चांगले कुजलेले शेणखत ही राज्यातील रूढ शिफारस आहे. पोत्यांच्या भाषेत सांगायचे तर ६२५ ग्रॅम नत्रासाठी सुमारे १ किलो ३६० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम स्फुरदासाठी सुमारे १ किलो ५६० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम पालाशासाठी सुमारे ४२० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लागते. ही वर्षभराची कमाल मात्रा समजावी, एका वेळी ओतायची नव्हे. माती परीक्षणात पालाश भरपूर आले असेल, आणि काळ्या जमिनीत ते बहुधा तसेच येते, तर पालाश कमी करायला हरकत नाही. गेल्या बहारात झाडाने बेताचेच फळ दिले असेल आणि फूट मात्र माजलेली असेल, तर नत्रही कमी करावे.

बहार धरताना शेणखत, संपूर्ण सुपर फॉस्फेट, निम्मे नत्र आणि निम्मे पालाश द्यावे. सुपर फॉस्फेट मातीत मोकळे टाकू नये. चुनखडी त्यातील स्फुरद बांधून ठेवते आणि झाडाला त्याचा फारच थोडा भाग मिळतो. तेच शेणखतात मिसळून दिले तर मातीशी थेट संपर्क कमी होतो व स्फुरद अधिक काळ उपलब्ध राहते. झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट प्रत्येकी २५ ग्रॅम झाडाला द्यायचे असेल, तर तेही आठवडाभर आधी शेणखतात मुरवून द्यावे. युरिया चुनखडीच्या जमिनीवर उघडा पडला, तर त्यातील नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, म्हणून तो मातीआड करून लगेच पाणी द्यावे. सामू आठच्या वर असलेल्या रानात पहिल्या हप्त्यासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरणे मला अधिक पटते. त्यात नत्र साडेवीस टक्क्यांच्या आसपास म्हणजे युरियाच्या निम्म्याहून कमी असल्याने वजन जास्त लागते, परंतु सोबत गंधक मिळते आणि मुळांजवळचा सामू थोडा खाली येतो.

खत खोडाजवळ टाकू नये. दुपारी झाडाची सावली जेथवर पडते, त्या कडेच्या आतल्या बाजूला, ठिबकच्या नळीखाली चार-सहा बोटे खोल चर काढून त्यात खत मिसळावे आणि मातीने झाकावे. चर खोल खणला तर मुळे तुटतात, आणि तुटलेल्या मुळांतून मर रोगाच्या बुरशीला व सूत्रकृमींना वाट मिळते.

शेणखताबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. सांगोला आणि माळशिरस भागात रानात मेंढ्या बसवण्याची जुनी आणि चांगली रीत आहे. मात्र लेंडीखत शेणखतापेक्षा जास्त नत्राचे असते, त्यामुळे ते दिले असेल त्या वर्षी रासायनिक नत्रात कपात करावी, आणि बहार सुरू असताना उभ्या बागेत मेंढ्या बसवू नयेत. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) जिल्ह्यात सहज मिळते. ती ओली आणि ताजी वापरल्यास कुजताना उष्णता निर्माण करते. किमान काही महिने ढिगात कुजवून, मधून मधून पलटून मगच बागेत आणावी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते, हे सर्वांना माहीत असूनही दरवर्षी तीच ट्रॉली बागेत उतरते. साध्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे ४० किलो शेणखतातून २०० ग्रॅमच्या आसपास नत्र जमिनीत जाते. ते सगळे त्याच बहारात मिळत नाही, तरी दरवर्षी नेमाने शेणखत घालणाऱ्याच्या जमिनीत हा साठा वाढत जातो आणि त्याला युरियाची गरज हळूहळू कमी पडते.

पाणी किती आणि कोठे

खत मातीआड झाल्यावर पहिले पाणी सावकाश द्यावे. ताणावर असलेल्या झाडाची बारीक मुळे बरीचशी मेलेली असतात. पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडले, तर ते शोषायला मुळेच नसतात आणि खत मात्र खाली निघून जाते. पहिला आठवडा नेहमीच्या निम्मे पाणी देऊन, फूट दिसू लागल्यावर ते वाढवत न्यावे.

त्यानंतर रोजच्या पाण्याचा अंदाज बाष्पीभवनावरून काढता येतो. उघड्या पात्रातून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडते, हा आकडा जवळच्या कृषी हवामान केंद्राच्या नोंदीतून मिळतो. त्याला ०.७ ने गुणावे, मग पिकाच्या गुणांकाने (वाढीच्या टप्प्यानुसार बदलणारा आकडा), मग झाडाच्या वाट्याला आलेल्या क्षेत्राने, आणि शेवटी त्या क्षेत्राचा जितका भाग सावलीने झाकला आहे त्या प्रमाणाने. एक उदाहरण घेऊ. बाष्पीभवन ८ मिलिमीटर, फळवाढीच्या काळातील गुणांक ०.८, क्षेत्र ४.५ गुणिले ३ म्हणजे १३.५ चौरस मीटर आणि झाकलेला भाग ०.४ धरला, तर झाडाची गरज दिवसाला सुमारे २४ लिटर येते. ठिबकची कार्यक्षमता नव्वद टक्के धरून ती २७ लिटर होते. झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर असतील, तर एक तास चाळीस मिनिटे संच चालवावा लागेल. बाष्पीभवन एका मिलिमीटरने वाढले की झाडामागे सुमारे ३.४ लिटर वाढवायचे, इतके लक्षात ठेवले तरी दरवेळी गणित मांडावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हा आकडा दहा मिलिमीटर ओलांडतो, तेव्हा ३४ लिटरच्या पुढे पाणी लागते. एकरी ३०० झाडांना दिवसाला २७ लिटर म्हणजे ८१०० लिटर आणि चार महिन्यांत सुमारे पावणेदहा लाख लिटर होतात. शेततळ्याचा वरचा हिशेब याच आकड्यावर केलेला आहे.

हे गणित केवळ आरंभबिंदू आहे. खरा निर्णय मातीच्या वाफशावर घ्यावा. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला आणि हलक्या दाबाने फुटला तर वाफसा आहे. बोटांना चिखल लागला तर पाणी जास्त झाले. गोळाच झाला नाही तर पाण्याची वेळ झाली. निव्वळ मुरमाड जमिनीत गोळा कधीच नीट होत नाही, तेथे हाताला थंडावा जाणवतो की नाही यावर अंदाज घ्यावा लागतो. ही तपासणी आठवड्यातून एकदा, बागेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला अशी दोन ठिकाणी केली तर नळीच्या दाबातील फरकही समजतो.

हलक्या जमिनीत पाणी आडवे न पसरता सरळ खाली जाते, म्हणून तेथे कमी प्रवाहाचे जास्त ड्रिपर, रोज आणि शक्य तर सकाळ-संध्याकाळ विभागून पाणी द्यावे. काळ्या जमिनीत ओल दूरवर पसरते, तेथे एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड पाळी पुरते. पूर्ण वाढलेल्या झाडाला ओळीच्या दोन्ही बाजूंनी नळ्या असाव्यात आणि त्या खोडापासून सावलीच्या कडेकडे सरकवलेल्या असाव्यात. लागवडीच्या वर्षी खोडाशी ठेवलेली एकच नळी सातव्या वर्षीही तेथेच पडलेली दिसते, आणि खोडाचा बुंधा कायम ओला राहून मर रोगाला तेथूनच सुरुवात होते. बागेत बोद (मातीचे उंच वरंबे) भरून झाडे उंचावर ठेवली असतील, तर पावसाळ्यात हा धोका बराच कमी होतो.

ऊस आणि डाळिंब एकाच मालकाच्या रानात असले की उसाची सवय डाळिंबाला नडते. कालव्याची पाळी आली म्हणून उसासोबत बागेतही पाट सोडला जातो, आठ दिवस रान चिखल राहते, पुढचे पंधरा दिवस कोरडे जाते. डाळिंबाला थोडे कमी पाणी चालते, परंतु असे हेलकावे चालत नाहीत. उसाचा खरा उपयोग बागेला पाचटाच्या रूपाने होतो. सावलीखाली चार-सहा बोटे जाड पाचट पसरले, तर उन्हाळ्यात जमिनीतील ओल टिकते, माती तापत नाही आणि पुढे कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दूर राहतात.

ठिबकमधून खत

बहार धरताना राखून ठेवलेले निम्मे नत्र, म्हणजे झाडामागे सुमारे ३१२ ग्रॅम, फूट स्थिरावल्यापासून फळ फुगेपर्यंत सोळा आठवड्यांत विभागून द्यावे. केवळ युरिया वापरला तर तो झाडाला आठवड्याला ४२ ग्रॅम, म्हणजे एकरी पावणेतेरा किलोच्या आसपास होतो. विद्राव्य खते वापरली तर त्यांतील नत्र या हिशेबातून वजा करावे. या खतांच्या नावातील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. १३:०:४५ च्या एका किलोत १३० ग्रॅम नत्र असते आणि १९:१९:१९ मध्ये १९० ग्रॅम. शेड्यूलमध्ये युरियाही लिहिलेला असतो, ही खतेही लिहिलेली असतात, आणि सगळे मिळून नत्र शिफारशीच्या दीडपट झालेले असते.

कोणते खत केव्हा द्यावे, याचा ढोबळ क्रम असा आहे की, फूट आणि कळी निघताना स्फुरद जास्त असलेले १२:६१:०, गाठ धरल्यावर (फुलाचे बारीक फळ बसल्यावर) १९:१९:१९ किंवा युरिया व पालाश यांची जोड, फळ लिंबाएवढे झाल्यापासून ०:५२:३४ व १३:०:४५, आणि रंग भरण्याच्या काळात ०:०:५०. यात सर्वांत नाजूक काळ कळीपासून गाठ धरेपर्यंतचा आहे. या दिवसांत नत्र आणि पाणी दोन्ही वाढले, तर झाड फळाऐवजी फुटीकडे वळते आणि कळी गळते. पाणी एकदम कमी पडले तरी कळी गळते. म्हणून कळी दिसल्यापासून गाठ पक्की होईपर्यंत पाण्याची वेळ आणि प्रमाण शक्यतो बदलू नये, आणि नत्राचा हप्ता हात राखून द्यावा.

कॅल्शियम नायट्रेट हे कोणत्याही सल्फेटयुक्त किंवा स्फुरदयुक्त खतासोबत एका टाकीत मिसळू नये. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. त्याचा दिवस वेगळा ठेवावा. संच सुरू केल्यावर पहिला चतुर्थांश वेळ नुसते पाणी, मधला निम्मा वेळ खताचे पाणी आणि शेवटचा चतुर्थांश वेळ पुन्हा नुसते पाणी जाऊ द्यावे. खत सुरुवातीलाच सोडले तर पुढच्या पाण्यासोबत ते मुळांच्या खाली उतरते, आणि शेवटी सोडले तर नळीतच राहून शेवाळ वाढवते. हलक्या जमिनीत खताच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पाणी देऊ नये.

फळ तडकणे आणि पाने पिवळी पडणे

या दोन्ही तक्रारींवर लोक आधी औषध विचारतात, आणि दोन्हींचे मूळ बहुधा पाण्यात असते. कोरड्या काळात फळाची साल घट्ट होते, तिचा ताणला जाण्याचा गुण कमी होतो. मग एकदम पाणी मिळाले किंवा पाऊस झाला की आतले दाणे फुगतात आणि साल फाटते. बोरॉन आणि कॅल्शियम यांच्या कमतरतेने साल आणखी कमकुवत होते. आपल्या जमिनीत कॅल्शियमला तोटा नाही, परंतु ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुख्यतः पानांकडे जाते आणि फळाच्या वाट्याला कमी येते. पाणी अनियमित झाले तर तेही पोचत नाही. म्हणून गाठ धरल्यानंतर कॅल्शियम नायट्रेटचे हप्ते ठिबकमधून आणि बोरिक ॲसिडची लिटरला १ ते २ ग्रॅमची फवारणी दोन वेळा, एकदा कळीच्या आसपास आणि एकदा फळवाढीत, इतके करावे. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते, त्यामुळे फवारण्या वाढवू नयेत, आणि खोल बोअरच्या पाण्यात बोरॉन आधीच असू शकते हेही तपासून घ्यावे. पाणी मात्र शेवटच्या तोडणीपर्यंत नियमित हवे. रंग यावा म्हणून तोडणीआधी पाणी तोडण्याची काही ठिकाणची पद्धत तडकण्याला आमंत्रण देते. त्या काळात नत्र बंद करावे, पाणी नव्हे.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता असते. चुनखडी हे तिचे एक कारण आहेच, परंतु माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मातीतील बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी अडकते. म्हणून पहिला उपाय पाणी कमी करून वाफसा आणणे हा आहे. बरेचदा पंधरा दिवसांत नवी फूट त्यानेच हिरवी येते. तरीही पिवळेपणा राहिला, तर ठिबकमधून ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह (मातीत लवकर न अडकणारे लोह) द्यावे. ईडीटीए स्वरूपातील लोह स्वस्त मिळते, परंतु सामू सातच्या वर गेला की ते जमिनीत टिकत नाही. ते फवारणीसाठी ठेवावे.

संचाची स्वच्छता

पांढरे क्षार साचून बंद पडलेले ड्रिपर आम्लाच्या प्रक्रियेने मोकळे होतात. शेवटच्या ड्रिपरमधून येणाऱ्या पाण्याचा सामू चारच्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडावे, संच चोवीस तास तसाच बंद ठेवावा आणि मग नळ्यांची टोके उघडून धुऊन काढावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर ती आम्लाच्या दिवशी अजिबात वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो. गाळणी दर आठवड्याला धुवावी.

फळे उतरल्यावर

तोडणी झाली की बहुतेकांचे बागेकडे जाणे कमी होते. या वेळी झाडातील साठा संपलेला असतो आणि पुढच्या बहाराची काडी याच महिन्यांत तयार होते. तोडणीनंतर लगेच रोगट काड्या छाटून, झाडाला वर्षाच्या मात्रेतून उरले असेल तेवढे नत्र व पालाश शेणखतासह द्यावे आणि पाणी फळवाढीच्या काळातील प्रमाणाच्या निम्म्याच्या आसपास, पण नेमाने चालू ठेवावे. या विश्रांतीत पाने निरोगी राहिली पाहिजेत. पाने तेल्याने किंवा उपासमारीने गळाली, तर काडी बारीक राहते आणि पुढे तिच्यावर फळ न धरणारी नर कळीच जास्त येते. पान परीक्षण करायचे असेल, तर टोकापासून आठव्या क्रमांकाच्या जोडीची पाने, बागेतील वेगवेगळ्या झाडांच्या चारही बाजूंनी मिळून पन्नासच्या आसपास घ्यावीत आणि ओली असताना प्लास्टिकच्या पिशवीत न भरता कागदी पिशवीतून प्रयोगशाळेत द्यावीत. नमुना घेतल्याची तारीख, बहार आणि शेवटचे खत केव्हा दिले ते पिशवीवर लिहावे.